कलशातला हात

कळमनुरीच्या जाईला हात लपवायची सवय एकोणिसाव्या वर्षी लागली. आधी उजव्या हाताच्या बोटांवर पांढरे डाग उठले, मग ते मनगटापर्यंत चढले, आणि वर्षभरात डाव्या हातानंही तेच केलं. ठरत आलेलं लग्न मोडलं. घरी बायका आल्या की आई, वासंतीबाई, जाईच्या हातातून हळदीकुंकवाचा करंडा हळूच काढून घ्यायच्या. कोड लागत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं होतं. पण वासंतीबाईंना डॉक्टरांपेक्षा शेजारणींचा धाक मोठा होता.

तिचा हात बिनदिक्कत हातात घेणारा घरात एकच, धाकटा भाऊ अनिरुद्ध. तो तेव्हा चौदा वर्षांचा होता. आठवडी बाजारातून त्यानं प्लास्टिकचा एक योद्धा आणला होता, हातपाय सांध्यात वळणारा, पाठीवर लाल झगा. उडी मारणाऱ्या योद्ध्याचा फोटो त्याला काढायचा होता आणि योद्धा तर धड उभाही राहत नव्हता. "ताई, तू धर," तो म्हणाला. जाईनं पदराआडचा हात बाहेर काढला आणि दोन बोटांनी योद्ध्याची कंबर धरली. कुणीतरी आपल्या हाताला काम दिलं, याचंच तिला इतकं अप्रूप वाटलं की फोटो कसा आला हे तिनं विचारलंही नाही.

ते वेड पुढं सतरा वर्षं टिकलं. बाजारातल्या स्वस्त खेळण्यांच्या जागी पार्सलनं येणाऱ्या फिगर, म्हणजे महागातल्या बाहुल्या, आल्या, मोबाइलच्या जागी चांगला कॅमेरा आला, पण पद्धत तीच राहिली. जाईनं फिगर हवेत धरायची, श्वास रोखायचा, अनिरुद्धनं बटण दाबायचं. मग तिनं हात काढून घ्यायचा आणि त्यानं कॅमेरा जागचा न हलवता रिकाम्या जागेचा दुसरा फोटो काढायचा. कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो एकावर एक ठेवून तो ताईचा हात पुसून टाकी. योद्धा अधांतरी उडत राही. शेवटी जाईनं पडद्यावरून नजर फिरवायची, पुसायचं काही राहिलंय का पाहायचं, आणि "बराबर हाय" म्हणायचं. तिचा डोळा असा तिखट की केसाएवढी चूक सुटायची नाही. स्वतःचा हात नीट पुसला गेलाय ना, हे तीच तपासून द्यायची.

स्फोटाचे फोटो तिला सगळ्यांत आवडायचे. स्फोट म्हणजे काय, तर मूठभर हळद. हिंगोलीकडं हळदीला काय तोटा? जाई पपईच्या देठाच्या नळीतून हळद फुंकायची आणि फिगरच्या मागं पिवळा लोट उठायचा. काम संपलं की तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळे, एकसारखे. ते हात ती लवकर धूत नसे.

अनिरुद्धचे फोटो नेटवर गाजले. खाली नाव त्याच्या एकट्याचं असे. जाईला त्याचं काही वाटलं नाही, निदान ती तसं म्हणायची. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती तिनं तोंडानं मागून घेतली होती. अनिरुद्धच्या लग्नात करवली व्हायचं. कऱ्हा-दिवा घेऊन नवरदेवाच्या मागं उभं राहायचं, चारचौघांत, बहीण म्हणून.

"हळदीच्या दिवशी तर कुणाला दिसणारबी न्हाई," ती म्हणाली होती. "समद्यांचेच हात पिवळे."

"तूच होशील, ताई. दुसरं कोण हाय मला?" अनिरुद्ध म्हणाला होता.

त्याला हिंगोलीत एका कार्यालयात कारकुनाची नोकरी लागली आणि स्थळं यायला लागली. वासंतीबाईंनी मुद्दाम दूरचं स्थळ निवडलं, पार अहिल्यानगरकडचं. मुलगी जान्हवी, शिकलेली, दिसायला चांगली. मंडळी घर पाहायला आली तेव्हा जाईला दिवसभर पुसेगावला मावशीकडं, नीलाबाईंकडं, धाडलं होतं. मोठी बहीण पुण्याला नोकरी करते, रजा मिळत नाही, असं पाहुण्यांना सांगितलं. सांगणारा अनिरुद्धच. जाईनं तेही पोटात घातलं, कारण लग्न अजून व्हायचं होतं.

लग्नाला दहा दिवस उरले असताना पत्रिकेबरोबर मोबाइलवर पाठवायला एक फोटो काढायचं ठरलं. दोन फिगर नवरा-नवरी म्हणून सजवायच्या. जाईनं तीन दिवस डोळे फोडून बोटभर शालू शिवला, बारक्या मण्यांच्या मुंडावळ्या ओवल्या. मागं घासूनपुसून लख्ख केलेला पितळी कलश ठेवला. फोटो झाला. अनिरुद्ध कॉम्प्युटरवर हात पुसत बसला आणि पुसता पुसताच, मान वर न करता म्हणाला, "ताई, करवली मिनाला करायचं ठरलंय. आईचंबी तेच म्हणणं हाय."

मिना म्हणजे चुलत बहीण, वर्षातून एकदा तोंड दाखवणारी.

"काहून?" जाईनं विचारलं.

"काहून म्हणून काय इचारती? तुला म्हाईत न्हाई का?" आणि स्क्रीन तिच्याकडं वळवून तो म्हणाला, "बघ, काही राहिलंय का."

राहिलं होतं. फिगरच्या मागचा हात त्यानं झकास पुसला होता, पण कलशाच्या पोटात त्याचं प्रतिबिंब तसंच होतं. दोन बोटं, त्यांवरचे पांढरे डाग, सगळं पितळेत स्वच्छ उमटलेलं. कलशाकडं त्यानं पाहिलंच नव्हतं. ते पाहायला ताई होती ना!

जाईनं पडद्यावरून नीट नजर फिरवली. "बराबर हाय," ती म्हणाली.

मोडू दे, असं तिच्या मनात होतं. ते लपवण्यात काही अर्थ नाही. माझं मोडलं तसं त्याचंही मोडू दे, मग बसू दोघं फोटो काढत.

दोन दिवसांनी जान्हवीच्या आईचा फोन आला. अनिरुद्ध जेवायला बसला होता, त्यानं फोन स्पीकरवर टाकला. जाई वाढत होती.

"फोटो छान आहे हो," पलीकडून आवाज आला, "पण त्या कलशात कुणाचा हात दिसतोय? घरात कुणाला कोड आहे का? असेल तर आत्ताच सांगा."

वासंतीबाईंचा घास हातातच राहिला. अनिरुद्धनं ताटाकडं पाहत पाणी प्यायलं आणि म्हणाला, "छे छे. ती आमची भांडेवाली बाई. बाहुल्या धरायला बोलावलं होतं."

"असं होय," पलीकडचा आवाज सैलावला. "आम्ही उगाच घाबरलो."

फोन ठेवून त्यानं भाजी मागितली. जाईनं वाढली. आई काहीतरी बोलेल म्हणून ती क्षणभर थांबली, पण वासंतीबाईंनी घास तोंडात घातला.

दुसऱ्या दिवशी तिला पुसेगावच्या गाडीत बसवलं. लग्न थाटात झालं. कळमनुरीचं अख्खं वऱ्हाड जाईला ओळखत होतं, पण एकाचंही तोंड उघडलं नाही. लग्नात विघ्न आणण्याचं पाप कोण डोक्यावर घेईल? जेवण मात्र सगळे पोटभर जेवले.

अनिरुद्धनं हिंगोलीत खोली घेतली, संसार मांडला. सहा महिन्यांनी त्याचा पुसेगावला फोन आला. फोटो जमत नाहीत, जान्हवीचा हात थरथरतो, तू ये. आणि फोन ठेवता ठेवता, "पण ती भांडेवाली म्हणूनच ये. आता दुसरं काही सांगता येत न्हाई."

अंगात स्वाभिमान असता तर जाई गेली नसती. पण सहा महिने मावशीच्या घरी हातांना काही काम नव्हतं. ती गेली.

जान्हवी स्वभावानं वाईट नव्हती. तिनं बाईला चहा दिला, फक्त कप वेगळा, कान तुटलेला, खिडकीत ठेवलेला. जाईनं चहा प्यायला, कप विसळून पुन्हा खिडकीत ठेवला आणि लाल झग्याचा जुना योद्धा दोन बोटांनी उचलला. अनिरुद्धनं कॅमेऱ्याला डोळा लावला.

"बाई, घरी कोण कोण असतं तुमच्या?" जान्हवीनं सहज विचारलं.

"आई हाय."

"भाऊ वगैरे कुणी?"

"व्हता एक," जाई म्हणाली. "वारला."

"अगंबाई! कधी?"

"त्याच्याच लग्नाच्या आठ दिस आधी. जेवता जेवता."

जान्हवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐकलंत का हो?" ती नवऱ्याला म्हणाली. अनिरुद्धनं कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. त्यानं बटण दाबलं, फोटो पाहिला, पुन्हा दाबलं. दोन्ही फोटो हललेले होते.

"बाई, हात हलवू नका," तो म्हणाला.

योद्धा हवेत जिथं धरला होता तिथंच होता.

"माझा हात न्हाई हलून राहिला, साहेब," जाई म्हणाली.