न ढवळलेलं दूध

दूध तपासणाऱ्या निरीक्षकाला सगळे ‘तुरटी’ म्हणत. तो दुकानात शिरला की भल्याभल्यांचा गाळ खाली बसे. तीस वर्षांत त्याने कुणाचा फुकट चहा घेतला नव्हता. निवृत्तीला वर्ष उरलं असताना तक्रार आली ती धाकट्या बहिणीच्या नवऱ्याच्या डेअरीची. बहीण दारातच आडवी आली. “दादा, माझा संसार मोडू नकोस रे!”

तिच्याकडे न बघता त्याने घाईघाईने नमुना घेतला. प्रयोगशाळेने दुधात पाणी असल्याचं कळवलं. खटला उभा राहिला.

वकिलाने एवढंच विचारलं, “नमुन्याआधी दूध ढवळलंत?”

साय वर राहते, पातळ दूध खाली; न ढवळता घेतलेला नमुना कायद्याला चालत नाही. नव्या निरीक्षकांना हे शिकवणारा तोच. खोटं बोलणं जमेना. “नाही. विसरलो.”

मेहुणा सुटला.

संध्याकाळी बहीण दुधाची बरणी घेऊन आली. “विसरल्याचं सोंग काय झकास वठवलंस, दादा!”

आजवर त्याला आडमुठा म्हणणारी बायको कौतुकाने म्हणाली, “अखेर शहाणपण सुचलं म्हणायचं.”

“अगं, खरंच विसरलो,” तो कळवळून म्हणाला.

नणंद-भावजय पोट धरून हसल्या.