गादीपेक्षा उंच

नातवाच्या कंपनीत म्हणे एक माणूस खास बसणं तपासायला येतो. कोपर कुठे टेकतं, मान किती वाकते, कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आहे की खाली, हे बघायचे त्याला पैसे मिळतात. मी आधी हसलो. मग वाटलं, आमच्या वेळी हा खामगावात कुठे मेला होता?

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, तेव्हा मी खामगावात कापसाच्या एका पेढीवर टायपिस्ट म्हणून लागलो. मुंबईच्या गिरण्यांना इंग्रजी पत्रं जात, ती मी बडवायचो. पेढीवर खुर्ची नव्हती. सेठजी गादीवर लोडाला टेकून बसत, शेजारी मुनीम मांडी घालून. गादी म्हणजे लक्ष्मीची जागा. तिच्यापेक्षा उंच कोणी बसायचं नाही, आलेल्या व्यापाऱ्यानेसुद्धा नाही. मग टाइपरायटरलाही खाली यावं लागलं. तो एका बुटक्या मेजावर ठेवला आणि मी त्याच्यापुढे मांडी घातली. मशीन छातीशी यायचं. खांदे भरून येऊ नयेत म्हणून मी दिवसभर कोपरं मेजावर रोवून टाइप करायचो.

दिवाळीनंतर कापूस आला, पत्रं वाढली आणि उजव्या हाताची करंगळी बधिर झाली. पाठोपाठ तिच्या शेजारचं बोट. गरम चहाचा पेला धरला तरी त्या दोघांना काही कळेना. बोटं बधिर झाली की आमच्याकडे तेव्हा एकच नाव मनात यायचं, महारोग. ते मी तोंडातून काढलं नाही. एकटा असलो की अंगावर चट्टे शोधायचो. घरात पंचा वेगळा ठेवू लागलो. मुलगी नुकती रांगू लागली होती. ती माझ्याकडे निघाली की मी उठून अंगणात जायचो.

एकदा बायको दारात आडवी उभी राहिली.

"पोरीले काऊन घेत नाही तुमी? तिनं काय बिघडवलं तुमचं?"

हात दुखतो, म्हणालो. तिला ते पटलं नाही.

खामगावात दवाखान्याची पायरी चढायची छाती नव्हती. पेढीतलं कोणीतरी भेटणारच. वडनेर भोलजीला नातलगांकडे जातो असं सांगून मी एस.टी.ने जळगाव जामोद गाठलं. तिथे मला कुत्रंही ओळखत नव्हतं. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून कापसाचा बोळा हातभर फिरवला. मग कोपराच्या आतल्या बाजूला दाबलं, तशा करंगळीपर्यंत मुंग्या धावल्या. कामाला कसे बसता, त्यांनी विचारलं. मी तिथेच फरशीवर मांडी घालून दाखवलं.

"तुमच्या मनात हाय, तो रोग नाही हा," ते म्हणाले. "कोपरातली शीर दबून राह्यली. खुर्चीवर बसा, कोपर टेकू नका. नाही तर हात जाईन."

मला रडू फुटलं. बाहेर रांगेतली माणसं बघत होती, बघू देत.

परतीच्या वाटेवर आनंद टिकला नाही. खुर्ची मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि बधिर बोटं म्हटल्यावर सेठजींना दुसरं काही ऐकूच येणार नाही. न मागावी तर हात जाणार. मी तसाच कामाला बसत राहिलो आणि शेवटी सेठजींना एकदाचं सांगून टाकलं. शीर, कोपर, मेज, डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. सेठजींनी शांतपणे ऐकून घेतलं. दुसऱ्याच दिवशी मागच्या खोलीत टेबल-खुर्ची आली. तिथून गादी दिसत नव्हती, तेव्हा उंच-खालचा प्रश्नच नव्हता. मी सेठजींना मनोमन दंडवत घातला.

उन्हाळ्यापर्यंत बोटं जागी झाली. शर्टाची बटणं लावता येऊ लागली. मुलगी मांडीवरून उतरेना. पेढीवर मात्र, पूर्वी सेठजी पत्राचा मजकूर माझ्या हातात द्यायचे, तो आता मुनीम टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून मागे सरकायचा. माझी कपबशी खिडकीत वेगळी असायची.

फार झालं, म्हणून एक दिवस मी गादीपुढे गेलो आणि पाचही बोटं हलवून हात पुढे केला. पाहा सेठजी, बरा झालो.

"चांगलं झालं, बाबू," ते म्हणाले, आणि लोडाच्या पलीकडे सरकले.