शिट्टीबाई आणि कुत्र्याची पोळी

माझ्यावर आयुष्यात दोनदा शिट्टी वाजली आहे आणि दोन्ही वेळा वाजवणारी व्यक्ती एकच होती. पहिल्यांदा वाजली तेव्हा माझ्या हातात पोळी होती.

आमच्या घरी रोजची शेवटची पोळी कुत्र्याची. माझ्या आईची ही पद्धत माझ्या बायकोने, मंगलने, पुढे चालवली. पोळी करायचं काम तिचं आणि सकाळी ती गेटबाहेर नेऊन घालायचं पुण्य माझं. घरातलं एवढं एक काम मी न सांगता करतो, असं मी पाहुण्यांना सांगतो. मंगल तेव्हा चहा बघायला आत जाते. तर त्या दिवशी मी गेट उघडलं आणि समोर साजूक तुपाच्या रंगाचं, दोन महिन्यांचं एक पिल्लू उभं. गळ्यात पट्टा, पट्ट्याला दोरी. दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे हे बघायचं मला सुचलं नाही. मी ‘यू यू’ करत तुकडा पुढे केला आणि कानाशी अशी शिट्टी वाजली की गल्लीतली चार दारं उघडली. पिल्लू जागच्या जागी बसलं. मीही जवळजवळ बसलोच.

“भाऊ, पोळी मागं घे,” शिट्टीबाई म्हणाल्या. “काहून देऊन राहिला तू तिले?”

“बाई, कुत्र्याची पोळी आहे.”

“हे कुत्रं नाही. हे कोणाचे तरी डोळे आहेत. डोळ्यांले पोळी चारतात काय गा?”

नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या गल्लीत बाई दोन घरं सोडून राहायच्या, एकट्याच. मुलींच्या शाळेत तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झाल्या होत्या. पांढरे कॅनव्हासचे बूट आणि काळ्या दोरीतली शिट्टी मात्र निवृत्त झाली नव्हती. त्यांचं खरं नाव बहुधा फक्त पोस्टमनला माहीत होतं. त्या सकाळी त्यांनी मला गेटवर उभं करून सगळं समजावलं. दुसऱ्या शहरात एक केंद्र आहे. तिथे अंध माणसांना रस्ता दाखवणारे कुत्रे तयार करतात. पण पिल्लू आधी वर्षभर घरात वाढावं लागतं. माणसं, वाहनं, जिने, बाजार, फटाके, सगळ्याची सवय व्हावी लागते. मग केंद्र त्याला परत नेतं, पुढचं शिकवतं आणि परीक्षा घेतं. सगळे पास होत नाहीत. पिल्लाचं नाव बुंदी.

“वर्षभर वाढवायचं आणि देऊन टाकायचं?” मी विचारलं.

“तीस वर्षं तेच तर केलं मी,” बाई म्हणाल्या. “दरवर्षी दहावीच्या पोरी जातच होत्या ना?”

‘काहून’, म्हणजे ‘का’, हा बाईंचा मुख्य शब्द. त्यांना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं काहून हवं असायचं. बुंदी नागपूरच्या सदर बाजारात एका दुकानाच्या पायरीवर अडली, तर बाई तिला ओढत नसत. स्वतः पायरीवर बसून शोधत, की ही काहून थांबली? फरशी गुळगुळीत आहे म्हणून? आरशात दुसरं कुत्रं दिसलं म्हणून? दुकानदार आधी वैतागायचा, मग तोही शोधायला लागायचा. मे महिन्यात तर त्यांनी नवीनच सुरू केलं. बुंदीला बाहेर काढण्याआधी खाली वाकून आपला तळहात रस्त्यावर ठेवायचा आणि दहापर्यंत आकडे मोजायचे. हात टिकला तर बुंदीचे पाय टिकतील. नाही टिकला तर घरी, कूलरसमोर. आमच्या गल्लीत नवा राहायला आलेला एक भाडेकरू कितीतरी दिवस समजत होता की बाई सिमेंटच्या रस्त्याला नमस्कार करतात. त्यानेही एकदा केला, असं ऐकतो.

केंद्राने हुकुमांची छापील यादी दिली होती. सगळे इंग्रजी शब्द. बाईंनी ती भिंतीला लावून पाठ केली, तरी थांबवायचं म्हटलं की तोंडातून कवायतीचा शब्दच निघायचा, “थम!” बुंदी थमायची. बाई केंद्राला फोन करून कबुली द्यायच्या, “माह्याकडून आज पुन्हा थम निघालं.” पलीकडची बाई बिचारी म्हणायची, “ठीक आहे मॅडम, आम्ही सुधारून घेऊ.” कुत्रीला की बाईंना, हे तिने कधी स्पष्ट केलं नाही.

त्यांचं आणखी एक वाक्य मला आठवतं. “भाऊ, ऐकायले शिकवणं सोपं आहे. ही पुढं गेली की ते लोक तिले कवा नाही ऐकायचं ते शिकवतील. मालक म्हणते चाल, अन् समोर खड्डा आहे, त हिनं नाही चालायचं. मी तीस वर्षं पोरींले नुसतं ऐकायले लावलं. हे दुसरं मले सुचलंच नाही.”

आता माझा गुन्हा. पावसाळ्यात बाई लग्नासाठी तीन दिवस यवतमाळला गेल्या आणि बुंदी आमच्याकडे राहिली. जाताना बाईंनी मला सूचनांचा कागद दिला. पहिलीच सूचना: हातातून काही द्यायचं नाही. खालची रेघ इतकी जोरात मारली होती की कागद फाटला होता. पण सकाळी मी पोळी घेऊन गेटकडे निघालो की बुंदी माझ्याकडे बघायची. नुसती बघायची. माझ्याकडे असं आशेने आमच्या घरात कुणी बघितल्याला बरीच वर्षं झाली होती. तीन दिवस, तीन पोळ्या. मंगललाही कळू दिलं नाही.

बाई परत आल्या आणि दोन दिवसांत माझ्या दारात उभ्या राहिल्या. त्यांनी आपल्या ओढणीने माझे डोळे बांधले आणि बुंदीची दोरी माझ्या हातात दिली. “कोपऱ्यावरच्या पिठाच्या चक्कीपर्यंत जा. आवाज येते ना चक्कीचा? जा. हिले अजून रस्ता दाखवता येत नाही. पण ओढते कुठं, ते पाह्य.”

डोळे मिटले की आपलीच गल्ली किती परकी होते, हे मला त्या दिवशी कळलं. चक्कीचा आवाज चारी बाजूंनी यायला लागला. कडुनिंबाखाली आलो तेव्हा अंगावर गारवा आला आणि मनात आलं, अरे, झाड असं पण कळतं! या शोधाच्या आनंदात मी होतो तोच बुंदीने झटका देऊन मला उलटं फिरवलं. एका स्कूटरवर गुडघा, कुणाच्या तरी तुळशीवर कोपर आणि शेवटी उजवा पाय घोट्यापर्यंत नालीत. ओढणी काढली तर मी माझ्याच गेटसमोर होतो आणि बुंदी माझ्या हाताकडे बघत शेपटी हलवत होती.

“हा तुह्या पोळीचा रस्ता,” बाई म्हणाल्या. “तुह्या जागी आंधळं माणूस असतं, अन् नालीच्या जागी मोठा रस्ता?”

मी पाय नालीतून बाहेर काढला. मंगल दारातून माझ्या पायाकडे बघत होती. मग तिने दारातलं पायपुसणं उचलून आत नेलं, आणि ते जास्त लागलं.

शिक्षा म्हणून माझी नेमणूक झाली. पद, मोह. रोज सकाळी सहा वाजता मी हातात पोळी घेऊन गेटवर बसायचं आणि बाई बुंदीला माझ्या समोरून नेणार, आणणार, पुन्हा नेणार. मी पोळी द्यायची नाही, हाक मारायची नाही, चेहऱ्यावर दयाही आणायची नाही. बाईंनी मंगललाही कामाला लावलं. “त्याच्या पोळीत मीठ नोको टाकू वं मंगल. चुकून पोटात गेलीच, त पोट्टीले त्रास नाही झाला पाहिजे.” तेव्हापासून मंगल कणीक भिजवताना मूठभर पीठ आधीच बाजूला काढायला लागली. पोळीत मीठ असतं, ही माहिती मला तेव्हाच मिळाली.

दोन महिने मी मोह होतो. आयुष्यात दुसऱ्या कुणालाही मी मोहात पाडल्याचा पुरावा नाही. पहिल्या आठवड्यात बुंदी माझ्यावर झेपावायची. मग नुसती थांबायची. मग मान वळवायची. थंडी सुरू होता होता ती फक्त नाक हलवून पुढे जायला लागली.

अशाच एका सकाळी बाई दमून माझ्याजवळ पायरीवर टेकल्या. मी म्हटलं, “बाई, आज मी विचारतो. तुम्ही हे काहून करता?”

बाईंनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. “वर्गात एक पोरगी होती. दिसत नव्हतं तिले. पीटीच्या तासाले मी तिले झाडाखाली बसवत होती, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायले. पाच वर्षं. लय काळजी घेते मी तिची, असं वाटे मले. शाळा सोडताना पाया पडाले आली अन् म्हणाली, बाई, मैदान केवढं मोठं आहे आपलं?”

त्यांनी बोटाची दोरी सोडवली. बुंदीच्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

फेब्रुवारीत केंद्राची गाडी आली. बाईंनी बुंदीला आंघोळ घालून, नखं कापून तयार ठेवलं होतं. गाडीचं दार लागताना त्या सावधानमध्ये उभ्या होत्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, “बाई, वाईट वाटून घेऊ नका. नापास झाली तर तुम्हालाच परत देतात ना?”

तेव्हा दुसरी शिट्टी वाजली. पहिलीपेक्षा लांब. आणि त्यानंतर बाई दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. मंगल म्हणाली, “तुम्हाला बोलायलाच पाहिजे होतं का?” पण खरं सांगायचं तर गल्लीतले आम्ही सगळेच मनातून बुंदीच्या नापास होण्याची वाट बघत होतो. बाईंच्या घरातली बुंदीची पाण्याची वाटी तशीच दाराशी होती, रोज घासलेली. म्हणजे मला वाटतं, बाईंचंही मन दोन्हीकडे ओढत असणार. म्हणूनच तर ती शिट्टी एवढी लांब वाजली.

सात महिन्यांनी फोन आला. बुंदी पास. एका बँकेत काम करणाऱ्या मुलीकडे गेली. बाईंनी गल्लीत पेढे वाटले आणि वाटी उचलून माळ्यावर टाकली.

मागच्या थंडीत बाई गेल्या. दोन दिवसांचं दुखणं. त्यांच्या भाचीने शिट्टी मंगलला दिली. ती आमच्या फ्रिजवर लटकते. तिला हात लावायची मला परवानगी नाही. अजूनही मी रस्ता ओलांडताना फोनमध्ये बघायला लागलो की कानाशी शिट्टी वाजल्यासारखा आपोआप पाय थबकतो आणि उन्हाळ्यात अनवाणी मुलं खेळताना दिसली की आधी वाकून रस्त्याला हात लावून बघावासा वाटतो. पण बाई म्हटलं की मला आठवते ती त्यांच्या जाण्याआधीच्या दिवाळीतली एक सकाळ.

ती बँकेतली मुलगी एका लग्नासाठी नागपूरला आली होती. तिने बाईंना फोन केला, “बुंदीला घेऊन येऊ का?” बाई म्हणाल्या, “ये. पण कोपऱ्यावर रिक्षा सोड अन् गल्लीतून पायी ये, उजव्या हाताचं सहावं गेट माह्यं. परीक्षा आहे. कोणाची, ते नंतर सांगते.” मुलगी हसून तयार झाली. मग बाई आमच्याकडे आल्या. “भाऊ, पोळी घे. बस गेटवर.” आणि स्वतः माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, भिंतीला पाठ लावून, शिट्टी मुठीत झाकून.

कोपऱ्यावर त्या दोघी दिसल्या. मुलीची चाल वेगात होती. मी इतक्या वेगाने डोळे उघडे ठेवूनही चालत नाही. बुंदी मोठी झाली होती, अंगावर कामाचा पट्टा, मान सरळ. स्कूटरला वळसा घातला. जिथे मी नालीत गेलो होतो तिथे झाकण सरकलेलं होतं. बुंदी आडवी उभी राहिली, मुलगी थांबली, मग दोघी बाजूने निघाल्या. आता आमचं गेट. पोळी माझ्या हातात. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे. बुंदीचं नाक हललं. कान बाईंच्या दिशेने वळला आणि शेपटी एकदा, एकदाच, डावीकडून उजवीकडे गेली. पावलं मात्र चुकली नाहीत. ती आमच्या समोरून निघून गेली.

पुढे बाईंच्या गेटशी त्या मुलीचा आवाज आला, “थम.” बुंदी थमली.

केंद्राला ते काही सुधारता आलं नव्हतं.

बाई हलल्या नाहीत. मग त्यांनी माझ्या हातातली पोळी घेतली, तुकडे मोडले आणि तिथेच उभ्याने, तोंड भिंतीकडे करून, सगळी खाल्ली. मी बघत राहिलो. खाऊन झाल्यावर ओढणीने तोंड पुसलं, घसा साफ केला आणि म्हणाल्या, “मंगलले सांग, पोळी मऊ आहे. पण मीठ जास्त झालं.” आणि ताठ मानेने आपल्या घराकडे गेल्या. तिथे त्या मुलीने बुंदीच्या अंगावरचा पट्टा सोडला आणि पुढची दहा मिनिटं त्या घरातून जे आवाज आले त्यांत कुत्रीचे कुठले आणि बाईंचे कुठले, ते मी सांगू शकत नाही.

जेवताना मी मंगलला बाईंचा निरोप दिला. तिच्या स्वयंपाकाला नाव ठेवायची संधी मला अशी फुकट क्वचितच मिळते, म्हणून जरा रंगवूनच दिला. ती माझ्या पानात वाढता वाढता थांबली.

“अहो,” ती म्हणाली, “त्या पोळीत मी मीठ घालतच नाही.”