वरच्या मजल्यावरचे सरपंच

"नाही" हा शब्द ज्याच्या तोंडून कधीच बाहेर पडला नाही असा या भूतलावर एकच माणूस झाला, आणि तो दोह्यात, अल हिलालला, आमच्या डोक्यावर राहत होता. म्हणजे वरच्या मजल्यावर. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे. चाची गावी, चाचा इथे. मुशैरिबमध्ये दुकान. दुकान कसलं, ते मला आजही सांगता येणार नाही. पुढे कापडाचे तागे, मागे कुकर, छत्र्या, बुटांच्या लेस आणि गिऱ्हाइकाने मागितलं असेल ते. नसलं तरी चाचा म्हणणार, "हाय ना. उद्या देतो." नवी असताना मी मुद्दाम, निव्वळ खोडी काढायला, पुरणयंत्र मागितलं. "हाय ना, वैनी." पुढच्या महिन्यात सुट्टीवरून परतलेला एक फोरमन पुरणयंत्र घेऊन आमच्या दारात उभा. कस्टमवाल्यांनी त्याला हे कसलं हत्यार म्हणून तासभर बसवून ठेवलं होतं. पुरणयंत्र मात्र उत्तम निघालं. नाशकाच्या माझ्या आईकडेही तसं नाही.

राजकारणातही चाचा शिरले ते या एका सवयीपायी. गावी सुट्टीवर गेले असताना वरच्या वाडीतल्या बायका, डोक्यावर हंडे तसेच ठेवून, त्यांना म्हणाल्या, "चाचा, आमच्या वाडीत नळाचं पाणी कधी येणार?" समोर गिऱ्हाईक आहे की मतदार, एवढा विचार करण्याची या गृहस्थाची पद्धतच नव्हती. "हाय ना, उद्या देतो." झालं! गावाने त्यांना ग्रामपंचायतीला उभं केलं, निवडून आणलं आणि सरपंच करून मोकळं झालं. आता सरपंच दोह्यात आणि खुर्ची कोकणात. दुकानात गेलं की चाचा कान नि खांद्यामध्ये फोन धरून कापड फाडताना दिसायचे. सलवारीचं कापड घ्यायला आलेल्या एका पठाणाला "दोन इंची पाइप घाल, नि ठेकेदाराला माझ्यासमोर उभा कर" हे मराठीतून ऐकून घ्यावं लागलं. बिचारा घाबरून दुसऱ्या दुकानात गेला. दर दोन-तीन महिन्यांनी चाचा गावी पळायचे, इकडे दुकान बंद. "चाचा, एक काय ते धरा," मी रागवायची. ते हसून म्हणायचे, "धरतो ना, वैनी."

एका शुक्रवारी दुपारी ते बॅग घेऊनच आमच्याकडे आले. चेहरा पांढराफटक. पाइप वरच्या वाडीच्या पायथ्याशी पोचला होता आणि नेमक्या त्याच वेळी विरोधकांनी अविश्वासाचा ठराव आणला होता. सभा रविवारी. एका मताचा प्रश्न होता, आणि ते मत चाचांचंच. ठराव झाला की पाइप खालच्या आळीतच थांबणार, हे तिकडे उघडपणे बोललं जात होतं. संध्याकाळचं विमान चुकलं तर सभा गाठणं अशक्य. आणि देश सोडायला कफीलची, म्हणजे इथल्या अरब मालकाची, सही हवी. त्याच्याच नावावर दुकान, त्याच्याच नावावर व्हिसा. तो ससाणे घेऊन शिकारीला वाळवंटात गेलेला, फोन बंद; निरोप तेवढा त्याच्या घरी ठेवलेला.

चाचा सोफ्याच्या कडेवर बसून फोन लावत होते. मी चहा केला, तो गार झाला, पुन्हा केला. ह्यांनी गाडीची किल्ली हातात घेतली, ठेवली, परत घेतली. माझी अशी चिडचिड झाली की विचारू नका. "कशाला हो नसत्या भानगडीत पडलात?" असं मी म्हणूनही गेले. चाचा म्हणाले, "चढण लई वाईट हाय, वैनी. पोटुशी बाई घसरली होती गेल्या साली." मी तिसऱ्यांदा चहा ठेवला.

चार वाजता खाली हॉर्न वाजला. कफीलची धुळीने माखलेली लँड क्रूझर; निरोप पोचला होता. चाचा चप्पल न घालताच धावले. आम्ही बाल्कनीतून बघत होतो. कफील गाडीतून उतरला नाही. चाचा खिडकीशी वाकून उभे, तो हळूहळू काहीतरी बोलत होता. आरडाओरडा नाही, हातवारे नाहीत, आणि त्यामुळेच मला जास्त धास्ती वाटली. शेवटी चाचांनी कमरेची दुकानाची चावी काढून त्याच्या हातात दिली.

वर आले तेव्हा हातात सही केलेलं एक्झिट परमिट होतं.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दुकान तरी कर नाय तर गाव तरी कर. चुकीचं नाय बोलला तो." त्यांनी चपला घातल्या. "यल्ला, भाऊ, गाडी काढा."

ठराव पडला, आणि चाचा गावीच राहिले. महिन्याभरात वरच्या वाडीत पाणी चढलं. पुढे मुशैरिबची ती गल्लीच पाडली. दुकानाच्या जागेभोवती ठोकलेला पत्राही मी डोळ्यांनी पाहिला, पण फोनवर चाचांना काही सांगितलं नाही. त्यांचा फोन ईदला हमखास यायचा. एकदा मी म्हटलं, "काय सरपंच, मजा आहे तुमची. गाव सलाम करत असेल."

"करतात ना," चाचा म्हणाले. "पण वैनी, भाव कोणच करत नाय माझ्याशी. सांगतो ते गपचूप ऐकतात नि जातात."

मी आपलं उगाचच, दुकानात विचारायची तसा, कापडाचा मीटरमागचा भाव विचारला आणि तो ऐकून "फारच महाग बाई" म्हणाले. पलीकडे चाचा खुशीत खाकरले.