बाळंतिणीच्या खोलीचा उंबरा

देव आहे की नाही, ही शंका मला आयुष्यात कधी आली नाही. मला जी आली ती तिच्यापेक्षा वाईट होती. माझ्या हट्टाची शिक्षा तो माझ्या लेकीला देतोय की काय, या भीतीने एका दुपारी मला गाठलं. त्या दुपारचं मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही. सांगायला लाज वाटते, आणि न सांगावं तर कृतघ्न ठरतो. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

मी साताऱ्याचा. आमच्या घरात गवंडीकाम आजोबांपासूनचं, आणि कुलदैवत म्हसवडचा सिद्धनाथ. शाळा फायनलपर्यंत झाली, पण नकाशा वाचता येई, आणि मी ओळंबा हातात धरला की भिंत आपणहून सरळ उभी राहते, अशी बढाई मी चारचौघांत मारत असे. थोडक्यात काय, अंगात रग होती. दुसरी लढाई नुकतीच संपली होती. सांगलीच्या बाजूला, कवठे महांकाळच्या अलीकडे एका धर्मादाय मंडळाने नवा दवाखाना बांधायला काढला आणि देखरेखीला मला बोलावलं. माझी बायको फार पूर्वीच गेलेली, एकुलती लेक कुसुम सासरी. तेव्हा मी आणि माझी थोरली बहीण आक्का, असे दोघं तिथेच बिऱ्हाड करून राहिलो.

तोवर तिथला दवाखाना म्हणजे भाड्याच्या घरातल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत औषधाच्या बाटल्या, मागच्या खोलीत एक टेबल. रोगी ओटीवर बसायचे, जास्त झाले की रस्त्यावर. कुणाला झोपवायची वेळ आली तर नातेवाईक घोंगडीत घालून चार पायऱ्या चढवत, वाकवत, तिरका करत आत न्यायचे. ज्याला बरं करायला आणला त्याचंच डोकं चौकटीवर आपटायचं. नवे डॉक्टर लढाईवर तंबूंतले दवाखाने चालवून आले होते. त्यांना हे बघवेना. त्यांनी कागदावरचा नकाशा बाजूला ठेवला आणि मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारायला लावल्या. मग एका बाजल्यावर गड्याला झोपवलं, चौघांच्या हाती बाजलं दिलं, आणि म्हणाले, "चला या रेघांमधून." जिथे बाजलं वळेना तिथली रेघ पुसायची, रुंद करायची, पुन्हा चालायचं. असे आम्ही चार दिवस त्या रिकाम्या माळावर भुतासारखे बाजलं फिरवत होतो. गावकरी हसत होते. मी कुरकुरलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, जिवंत माणूस इथे वळत नसेल तर मग मेल्यावर वळवायचा का?"

त्यांच्या बऱ्याच गोष्टी मला मनापासून पटल्या. पायऱ्यांच्या जागी उतार. फरशी आणि भिंत मिळते तिथे गोलाई, म्हणजे घाण साचायला कोपराच नको. समोरासमोर मोठ्या खिडक्या, वारा इकडून येऊन तिकडे जाणारा. बाळंतिणीच्या खोलीलाही तेवढ्याच खिडक्या, हे ऐकून आक्काने कपाळाला हात लावला. "अरे, बाळंतिणीला वारा लागला म्हणजे?" पण तिथे मी डॉक्टरांच्या बाजूने उभा राहिलो. माझी बायको दुसऱ्या बाळंतपणात गेली ती घरातल्या अंधाऱ्या खोलीत. फटींत चिंध्या कोंबलेल्या, शेगडीचा धूर भरलेला, आणि आत दिवसाढवळ्या माणसाचं तोंड दिसू नये असा काळोख. त्या खोलीच्या दारात मी दोन दिवस बसून होतो. म्हणून नव्या खोलीच्या खिडक्या मी स्वतः उभा राहून बसवून घेतल्या.

अडलो ते उंबऱ्याशी. डॉक्टर म्हणाले, एकाही दाराला उंबरा नको; चाकांची खाट येणार आहे, ती सरळ सरकली पाहिजे. माझं डोकंच फिरलं. उंबरा नसतो तो गोठ्याला! चौकट बसवताना उंबऱ्याला हळदकुंकू वाहायचं, खाली सुपारी ठेवायची, नारळ फोडायचा, मग पुढे भिंत. आजोबांनी तसं केलं, वडिलांनी केलं. तीन बाजूंची चौकट मी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. तीन तिगाडा काम बिगाडा, असं मी तोंडावर बोललो. डॉक्टर हसले, पण ऐकलं नाही. बाकीच्या दारांना मी नाइलाजाने तसंच केलं. बाळंतिणीच्या खोलीला मात्र मन घेईना. जिथे नवा जीव जन्माला यायचा, सटवाई पाचवीला जिथे येऊन नशीब लिहायची, त्या दाराला उंबरा नाही? मग वाईटसाईट अडणार कुठे? डॉक्टर हत्यारं आणायला पंधरा दिवस पुण्याला गेले, तेवढ्यात मी चांगला चार बोटं उंचीचा काळा घडीव दगड बसवला, सिद्धनाथाचं नाव घेऊन पुजला, आणि गिलावाही उरकून टाकला. परत आल्यावर डॉक्टरांनी तो दगड बघितला. "खाट येईल तेव्हा काढून टाका," एवढंच म्हणाले. मी हो म्हटलं. खाट आली, मी काढला नाही. नर्सबाई रोज कुरकुरायच्या, पुढची चाकं उचलून घ्यावी लागतात म्हणून. मी म्हणायचो, "उचला की जरा, देवाच्या कामाला एवढं चालतं."

त्याच वर्षी कुसुम पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. तिची आई गेली होती तेवढ्याच वयाची, चेहराही तोच. दिवस भरत आले तशी माझी झोप उडाली. जेवायला बसलो की घास गिळवेना. आक्का चिडवायची, "बाळंतपण तिचं आहे की तुझं रे?" मी हसायचो, आणि पुन्हा एकदा कुसुमकडे डोकावून यायचो. कळा सुरू झाल्या त्या एका बुधवारी पहाटे. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, मूल आडवं आहे, फिरतंय का बघू. दुपार झाली. व्हरांड्यात बाकावर बसून मी उंबऱ्यापलीकडच्या बंद दाराकडे बघत होतो. पुन्हा मी बाळंतिणीच्या दारातच बसलेला होतो. सिद्धनाथा, पोर वाचव, पायी येतो, दंडवत घालत येतो, जे म्हणशील ते करतो, असं मनात नुसतं दळण चाललं होतं. आतून कुसुमचा आवाज आला की अंग शहारायचं, आणि आवाज थांबला की त्याहून जास्त.

एकदम दार उघडलं. डॉक्टर घाईने बाहेर आले आणि मला म्हणाले, "रक्त जायला लागलंय. इथे होणार नाही, टेबलावर घ्यावी लागेल, आत्ताच्या आत्ता." असं म्हणून ते हात धुवायला शस्त्रक्रियेच्या खोलीकडे गेले. ती खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, तीस पावलांवर. त्यांनीच मोजून तेवढी जवळ ठेवलेली. नर्सबाई आणि आक्का आतून चाकांची खाट ढकलत आल्या. दोन नोकरांतला एक पाणी उकळत होता, दुसरा गावात गेलेला. मी पुढची चाकं उचलली, उंबऱ्याबाहेर घेतली. मागून नर्सबाईंनी घाईने ढकललं, आणि खाट धाडकन मध्येच बसली. एक चाक वाकून त्या दगडाला अडकलं होतं. खाट अर्धी आत, अर्धी बाहेर. पुढे जाईना, मागे येईना. दाराची वाट पुरती अडलेली. कुसुमचं डोकं माझ्या बाजूला होतं. ओठ पांढरे पडलेले, डोळे मिटलेले. मी जीव खाऊन उपसलं, पण खाट नुसती हिंदकळली आणि ती कण्हली. माझ्या हट्टाची शिक्षा देव हिला देतोय, या भीतीने मी नवस, प्रार्थना सगळं विसरलो. खोटं कशाला बोलू? मी त्या दगडाला लाथ मारली आणि अशा शिव्या दिल्या की आक्काने आतून कानांवर हात ठेवले. माझ्याच हाताने बसवलेला, माझ्याच हाताने पुजलेला तो दगड.

"आवं काका, गाडी सोडा. गाडीचं काय खरं न्हाई. पोरीला उचला."

मागे वळून बघतो तर व्हरांड्याच्या कडेला एक उंच, काळासावळा माणूस उभा. खाकी सदरा, डाव्या पायाला पट्टी. आमची धावपळ चालली असताना तो कधी आला, मी पाहिलंच नव्हतं. त्याने मला विचारलं नाही, बाजूला सारलं. कुसुमच्या अंगाखालच्या चादरीच्या दोन्ही कडा त्याने भराभर गुंडाळत तिच्या अंगाशी आणल्या. नर्सबाईंना म्हणाला, "बाई, तुमी आतनं पाय उचलून पुढं सारा. काका, पाय भाईर आलं की तुमी धरा. डोकं माझ्याकडं. घाबरायचं न्हाई, लय बायामाणसं अन् गडी उचलल्याती म्या." मग हलकेच, एका दमात, त्याने तिला खाटेवरून ओढून घेतलं. पाय माझ्या हातात आले. "आता माझ्या पावलावर पाऊल टाका," तो म्हणाला. तो लंगडत होता, म्हणून मीही त्याच्यासारखा लंगडत चाललो. तीस पावलं. माझ्या आयुष्यात मी तेवढं लांब कधी चाललेलो नाही. पुढची दारं सगळी बिनउंबऱ्याची, रुंद. कुठे वाकावं लागलं नाही, कुठे तिरकं व्हावं लागलं नाही. डॉक्टरांच्या फक्कीच्या रेघांवरून आम्ही माझी लेक घेऊन गेलो. टेबलावर तिला ठेवलं आणि दार लागलं.

बाहेर येऊन मी फरशीवर बसलो. तो माणूसही भिंतीला टेकून बसला. पट्टीतून रक्त दिसत होतं, त्या ओझ्याने त्याची जखम उलली होती. मी विचारलं, तुम्ही लष्करात होता का? म्हणाला, "व्हय. रणावर जखमी उचलायचं काम हुतं. चार वर्सं त्येच केलं." इथे बहिणीकडे आलेला. पायाची जखम दाखवायला डॉक्टरांनी त्याला गुरुवार दिला होता. "आज बुधवार हाय म्हनून मगाशी कळलं," तो ओशाळून हसला. "माझा वार चुकला बघा. परत निगालो हुतो, तर तुमचा आरडावरडा ऐकला." गाव कोणतं, विचारलं. "म्हसवड." आमच्या सिद्धनाथाचं गाव! मी हात जोडले. तो गडबडून म्हणाला, "आवं, आसं काय करताय? म्या काय देव हाय व्हय?" मग लंगडत उतारावरून निघून गेला. नाव विचारायचं भान मला राहिलं नाही. पुढे गुरुवारी तो आला असेल, पण मी तेव्हा कुसुमच्या उशाशी होतो.

तासाभराने मुलाचं रडणं ऐकू आलं. डॉक्टर बाहेर आले, घामाने चिंब. "आणखी पाच मिनिटं उशीर झाला असता तर दोघांनाही मी वाचवू शकलो नसतो," म्हणाले. उंबऱ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं. कुसुम दोन दिवसांनी धोक्याबाहेर आली. तिला मोठ्या खोलीत हलवलं त्या दुपारी मी छिन्नी आणि हातोडा घेऊन गेलो आणि तो दगड काढला. काढताना खाली ठेवलेली सुपारी निघाली. ती मी कपाळाला लावली, नदीत सोडली. फरशी सारखी करून घेतली.

कुसुम सासरी गेल्यावर नवस फेडायला मी पायी म्हसवडला गेलो. देवळाच्या दारात केवढा तरी उंबरा आहे. येणारा प्रत्येक जण त्यावर डोकं टेकतो, मीही टेकलं. देवळात तो शोभतोच. तिथे माणसाने थांबायचं असतं, वाकायचं असतं. दवाखान्यात मात्र कुणी थांबून चालत नाही, एवढं साधं मला कळलं नव्हतं. देवाच्या नावाने मी माझाच हेका चालवला होता. माझ्या चुकीने पोर अडली, आणि एका परक्या माणसाच्या चुकीने सुटली. यात चमत्कार किती आणि योगायोग किती, हे ठरवणारा मी कोण? त्या दिवशी गाभाऱ्यासमोर मी काही मागितलं नाही. "जिथे माझं चुकत असेल तिथे मला अडव, माझ्यापायी दुसऱ्याला अडवू नकोस," एवढंच म्हणालो. आजही तेवढंच म्हणतो.

एक काटा मात्र सलत राहिला. कुसुमला मी काहीच सांगितलं नव्हतं. खाटेचं चाक मोडलं, एवढंच तिला माहीत, असं मी समजून होतो. पुढल्या संक्रांतीला ती बाळाला घेऊन आली. आक्का देवळात गेली होती. मी धीर करून बोलायला लागलो. दगड कसा बसवला, डॉक्टरांना कसं फसवलं, सगळं. "तुझ्या आईनंतर तुलाही मी..."

कुसुम ताटं मांडत होती. तिने वर बघितलं. "आण्णा, मी तेव्हा शुद्धीवर होते. तुम्ही त्या दगडाला ज्या शिव्या देत होता ना, तेव्हाच मला कळलं तो कुणी बसवला असेल ते. दुसऱ्याच्या कामाला तुम्ही एवढ्या शिव्या कधी देत नाही."

इतके महिने! एका शब्दाने तिने मला कळू दिलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही माझे पाय धरून चालत होता, तेव्हा तुमच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पायांवर पडत होतं," ती म्हणाली. "त्यानंतर बोलायला काय उरलं होतं?" आणि तिने बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "घ्या, धरा याला. मला दोन घास जेवू द्या सुखाने."