मी खाली ओढलेली किंकाळी

नववीतून शाळा सोडून मी इस्लापूरहून लातूरला आलो, साऊंडच्या कामाला. नांदेडला एसटी बदलायची आणि पुन्हा तेवढंच बसून राहायचं, इतकं लांब. इकडं माझं कुणीच नव्हतं. ज्या मालकांनी ठेवून घेतलं त्यांनी आधी ताट वाढलं आणि मग काम सांगितलं, हे मी विसरणार नाही. माझ्या बोलण्याला ते हसायचे. "येऊन रायलो, येऊन रायलो काय लावलंस? एकदाचा ये की!"

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे आवाज फाटला की बोट खाली. मिक्सरवर प्रत्येक माईकची एक सरकती पट्टी असते, तिला फेडर म्हणतात. कीर्तनात बुवा वरच्या पट्टीत गेले, सभेत पुढारी तापला, की फेडर दोन बोटं खाली ओढायचा. नाहीतर स्पीकरची कॉइल जळते. माझ्या हातून एकदा जळली होती, भर लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना. मालक रागावले नाहीत. "शिकशील," एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून कार्यक्रम कुठलाही असो, माझं बोट फेडरवर.

मग एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगचं काम आलं. आदल्या दिवशी दुपारी एक मुलगी दुकानात आली. निलंग्याची होती, तिघा पोरांच्या रॉक बँडमध्ये गायची.

"दादा, गाण्याच्या शेवटी मी ओरडणार हाय. माईक खाली करू नका."

"ओरडणार? कुणावर, ताई?"

ती हसली. फोन काढून हेडफोन माझ्या कानाला लावला आणि तिच्या आवडीच्या किंकाळ्या एकेक ऐकवल्या. एकात गाणारा माणूस वर वर जात तारेएवढा बारीक झाला. दुसऱ्याचा आवाज फरशीवरून पत्रा ओढावा तसा. एक बाई होती, ती रडता रडता ओरडायला लागली, आणि रडणं कुठं संपलं ते कळलंच नाही. मी हेडफोन काढून तिला परत दिला. घसा माझाच दुखल्यासारखा वाटत होता.

"हे असं करून घसा फाटत न्हाई?"

"घशातनं करायचंच न्हाई ना. पोटातनं." तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवला. "आणि हा आवाज मोठा नसतोय दादा, जाड असतोय. तुमच्या स्पीकरला काय होत न्हाई. दोन वर्षं झाली, हॉस्टेलच्या टाकीमागं जाऊन शिकायले. पोरी म्हणतात, हिला भूत लागलंय, उतरवायला न्या."

मी हसलो. ती मात्र हसली नाही. म्हणाली, "उद्या बाबा यायलेत. त्यांना वाटतंय, मी भावगीत म्हणणार. ह्याला गाणं म्हणतात, हे सांगून त्यांना पटायचं न्हाई. ऐकलं तर पटंल. एकदा ऐकू दे नुसतं, मग नको म्हणाले तर सोडून देईन."

मी म्हणालो, "हाव ताई. न्हाई करत खाली."

खरंच म्हणालो होतो. पण दुसऱ्या दिवशी मालक दुसऱ्या कार्यक्रमाला गेले आणि एवढा मोठा सेट पहिल्यांदा माझ्या एकट्याच्या जिवावर आला. गाणं चांगलं चाललं होतं. तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन ताठ बसले होते. तेच असणार. शेवटाला गिटार वाढलं, तिनं डोळे मिटले, पोटावर हात ठेवला. आणि आवाज फाटला.

माझं बोट खाली गेलं. दोन बोटं नाही, पार तळापर्यंत. विचार करायला वेळच नव्हता, असं मी कितीदा तरी स्वतःला सांगितलंय. पण वर न्यायला वेळ होता. मी नेलं नाही. मला कॉइल दिसत होती.

स्टेजवर ती तोंड उघडून उभी, मानेच्या शिरा तटतटलेल्या, आणि बाहेर नुसतं गिटार आणि ड्रम. मागून एक पोरगा ओरडला, "मुका पिच्चर लागलाय रे!" सगळे हसले.

माझ्या कानावरच्या हेडफोनमध्ये मात्र फेडरच्या आधीचा आवाज येतो. बाहेर बंद असलेलं माझ्या कानात चालू होतं. त्या भरल्या मैदानात ती किंकाळी मी एकट्यानं ऐकली. काय सांगू, एखादी गोष्ट वर्षानुवर्षं मनात दाबून ठेवावी आणि एका दमात बाहेर यावी, तशी होती. कुठं तुटली नाही, कुठं चिरकली नाही.

गाणं झाल्यावर ती धावत आली. "दादा, आवाज गेला का बाहेर? ड्रमच्या दणक्यात मला माझंच ऐकू आलं न्हाई, स्टेजवरच्या स्पीकरमध्येबी न्हाई."

मागोमाग तिचे बाबा आले. मला फक्त खरं बोलायचं होतं, तेवढंही जमलं नाही. मी म्हणालो, "आवाजच लागला न्हाई ताई. घसा बसला असंल तुमचा."

तिचा हात आपोआप गळ्याकडं गेला. बाबा म्हणाले, "लई ताण दिलास. चल, कायतरी गरम पी." जाता जाता ती वळून म्हणाली, "थँक्यू दादा. तुम्ही तरी माईक वर ठेवला होता."

पुढं तिच्याच बँडमधला गिटारवाला दुकानात यायचा. एकदा त्याच्याकडून कळलं की तिनं गाणं सोडलं. ऐन वेळी घसा दगा देतो म्हणे. मी माईकच्या वायरी गुंडाळत राहिलो.

काही वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात एका कॉलेजात एक पोरगा तसाच ओरडला. मी दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राहिलो. कॉइल जळली नाही. काहीच जळलं नाही. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली.

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. मग गिटारवाल्याकडून नंबर घेतला आणि फोन लावला. ती आता निलंग्यातच शाळेत शिकवते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, तिनं गॅस बंद केलेला ऐकू आला.

"म्हणजे घसा बसला नव्हता?"

"न्हाई ताई. पुरा आवाज होता. मी ऐकलाय."

ती रागावेल म्हणून मी थांबलो. ती एवढंच म्हणाली, "थांबा. बाबा हितंच हायेत. हे त्यांना सांगा."

त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं.

"मी तिला महिनाभर हळदीचं दूध पाजलं रे," ते म्हणाले. "घशाला आराम दे, नको गाऊस, असं मीच म्हणालो."

"चुकलं काका."

"चांगलं ओरडली होती?"

"लई चांगलं."

मग ते म्हणाले, "मी तिसऱ्या रांगेत होतो की. मला ऐकू द्यायचं होतंस."