गुडघ्यावरचा बिब्बा

सकाळी जाग आली की आधी गुडघा वाकवून बघायचा, ही सवय मला पोलीसभरतीनं लावली. अंथरुणातच, चादरीखाली, आईला कळणार नाही अशा बेतानं. अर्धा वाकला की आत काहीतरी अडायचं आणि मी पाय हळूच सरळ करायचो.

गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं. कोकणी की मराठी यावरून डिचोलीच्या हॉटेलांत अजून टेबलांवर मुठी आपटत होत्या. आम्हा बेकार पोरांना मात्र एकच बातमी ऐकू आली होती, भरती निघाली. वडील गेल्यापासून आमच्या घरात पगार असा आलाच नव्हता. ही नोकरी लागणं भाग होतं, आणि ती माझ्या उजव्या गुडघ्यापाशी अडून बसली होती.

दुखणं मूळचं व्हॉलीबॉलचं. भात कापलेल्या शेतात आम्ही जाळी बांधायचो. स्मॅश मारून खाली येताना पाय ढेकळावर पडला आणि गुडघा मुरगळला. तेव्हा चार दिवस गप्प पडायचं, तर मी छाती भरवायला साखळी गावच्या तालमीत जात राहिलो. खाणीच्या ट्रकांची जुनी गिअरचक्रं दांड्याला अडकवून तिथे वजनं केलेली होती. तालीम चालवणारा मेस्त्री कोल्हापूरचा.

"गुडघा आखडलाय," मी त्याला सांगितलं.

"मग बैठका वाढव की मर्दा. बसून ऱ्हायलास तर पार गंजंल."

खांद्यावर दांडा घेऊन बैठका वाढवल्या. आठवड्याभरात गुडघा नीरफणसासारखा फुगला. मी घरात पाटावर बसायचं टाळू लागलो, उभ्याउभ्या जेवू लागलो. आईच्या नजरेतून हे किती दिवस सुटणार?

"धोंपर सुजलां तुजें. दाखय पळयां," ती म्हणाली, आणि दिवा लावून बिब्बा घेऊन बसली. बिब्बा सुईला टोचून ज्योतीवर धरायचा आणि सुटलेलं तेल दुखऱ्या जागी टेकवायचं, हे आमच्याकडचं रामबाण औषध. तिनं गुडघ्याभोवती ठिपक्यांचं कडंच काढलं. दोन दिवसांत ते ठिपके फोड होऊन वर आले, फुटले, काळे पडले. आखडलेपण होतं तसंच राहिलं. खाज तेवढी वाढली.

भरतीच्या दिवशी उंची मोजली, ती काठावर का होईना बसली. छाती बसली. धावलो तर असा की माझाच विश्वास बसेना, भीतीनं दुखणं जाणवलंच नाही. मनात म्हटलं, सुटलो. मग चड्डीवर रांगेत उभं करून डॉक्टर एकेकाला बघू लागले. बोलीवरून दक्षिण गोव्यातल्या साष्टीकडचे असावेत. माझ्यापाशी येऊन ते वाकले.

"हें कितें?"

"बिब्बो."

"दिंबी फोडटा?"

"ना," मी म्हटलं. त्यांच्याकडे गुडघ्याला दिंबी म्हणतात, ती दुखते का, असं ते विचारत होते.

"उकिडवो बस पळोवया. आतां हात लायनासतना उठ."

माझ्या आधीच्या कुणालाच त्यांनी बसवलं नव्हतं. कसाबसा बसलो, पण उठवेना. शेवटी जमिनीला हात टेकला. डॉक्टरांनी मला बाजूला व्हायची खूण केली.

बसमध्ये सगळा वेळ मला एकच धास्ती, आई विचारणार. खरं सांगितलं असतं तर तिच्या बिब्ब्यानंच डॉक्टरांची नजर तिथे नेली, हे तिला समजायला वेळ लागला नसता. तेवढं मला तिला कळू द्यायचं नव्हतं.

ती दारातच होती. "कितें जालें?"

"उंची कमी पडली," मी सांगून टाकलं.

आई माझ्या खांद्यालाही लागत नव्हती. मान वर करून माझ्याकडे बघत राहिली.

"माजेर गेलो तूं," ती म्हणाली. "बापायचेर गेल्लो जाल्यार घेतलो आसतो."

त्या दुपारी कालवणातला मोठा तुकडा तिनं माझ्या ताटात घातला, आणि मी जेवून उठेपर्यंत पुन्हा माझ्याकडे बघितलं नाही.